उजेड हवा, ऊन नको

वैशाखातील दुपारी तीनची वेळ डोळ्यांपुढे आणावी. मी ज्या कचेरीत बसतो तिची पश्चिमेकडील भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची आहे. इमारत नवी आहे आणि तिचे छायाचित्र फार सुरेख येते. परंतु या वेळी माझ्या खोलीत पाऊल टाकणाऱ्याला जे दृश्य दिसते ते काहीसे चमत्कारिक असते. काचेवर आतून जाड पडदा ओढलेला असतो, डोक्यावरचे चारही दिवे लागलेले असतात आणि थंड हवेचे यंत्र घुरघुरत असते. बाहेर लखलखीत ऊन पडलेले असताना आम्ही आत विजेच्या उजेडात फायली वाचीत असतो. पडद्याला हात लावून पाहावा तर तो तापलेला! म्हणजे ज्या उजेडासाठी काचेची भिंत घातली तो उजेड आम्ही बाहेर ठेवला, आणि जी उष्णता नको होती ती मात्र घरात घेतली.

आमच्या कचेरीत वऱ्हाडातले एक जुने शिपाई आहेत. एके दिवशी पडदा ओढता ओढता ते सहज म्हणाले, “साहेब, ऊन आत आल्यावर पडदा लावून काय उपयोग? ते बाहेरच अडवायला पाहिजे होतं.” मी काही बोललो नाही. बोलण्याजोगे काही नव्हतेच. कारण या इमारतीच्या मूळ आराखड्यात पश्चिमेच्या काचेबाहेर उभ्या फळ्या आणि दक्षिणेला छज्जे दाखविलेले होते. अंदाजपत्रक मंजूर रकमेच्या वर गेले तेव्हा खर्च उतरविण्यासाठी ज्या बाबी गाळल्या, त्यांत ‘दर्शनी भागावरील जादा काम’ या नावाखाली फळ्याही गेल्या आणि छज्जेही गेले. त्या टिपणीखाली इतर तिघांबरोबर माझीही सही आहे.

मी इतिहासाचा विद्यार्थी, स्थापत्याचा नव्हे. आपल्या हातून झालेली चूक पूर्वी कोणाकोणाच्या हातून झाली होती, हे धुंडाळण्यात इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक प्रकारचा दिलासा मिळत असावा. तो मी पुष्कळ मिळविला. आज जे सांगणार आहे ते त्या धुंडाळण्यातलेच आहे.

काच आणि ऊन यांचे नाते प्रयोगाने तपासून पाहणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे जिनिव्हाचा ओरास बेनेडिक्ट द सोस्यूर. १७६७ साली त्याने काचेच्या पेट्या एकीत एक बसवून उन्हात ठेवल्या आणि सर्वांत आतल्या पेटीत उष्णतामापक ठेवला. पुढे पेटीची रचना सुधारल्यावर आतली उष्णता १०९ अंश सेल्सियसपर्यंत चढली. म्हणजे पाणी उकळते त्याच्याही वर. त्याला शंका आली की ही उष्णता भोवतालच्या गरम हवेची तर नव्हे? म्हणून त्याने पेटी आल्प्समधील एका पर्वतशिखरावर नेली. तेथे बाहेरची हवा थंडगार होती, पण पेटीच्या आत जवळजवळ तितकीच उष्णता भरली. हवेचा दोष नव्हता, सूर्याचा होता. काचेतून ऊन सहज आत शिरते, आतल्या वस्तूंवर पडून त्यांना तापविते, आणि त्या तापलेल्या वस्तूंतून जी उष्णता परत फेकली जाते तिला मात्र काच बाहेर जाऊ देत नाही. शिवाय तापलेली हवाही तेथेच कोंडून राहते. काचेची खोली म्हणजे सोस्यूरची पेटीच होय. फरक इतकाच, की तिच्यात उष्णतामापकाच्या जागी माणूस बसलेला असतो.

ही गोष्ट युरोपातील मोठमोठ्या वास्तुशिल्पज्ञांच्या आधी तेथील माळ्यांना कळली होती. उष्ण प्रदेशातील झाडे थंड देशात जगवायची तर काचघरे बांधावी लागत, आणि उन्हाळ्यात त्याच काचघरांत झाडे करपत. लंडनजवळील क्यू येथील राजोद्यानात १८४४ ते १८४८ या काळात ताडवृक्षांसाठी एक भव्य काचघर उभारले गेले. तेव्हा उन्हाने पाने जळू नयेत म्हणून रॉबर्ट हंट या शास्त्रज्ञाच्या सल्ल्याने तांब्याचा अंश घालून हिरवट केलेली काच मुद्दाम तयार करून बसविण्यात आली. उन्हाचा दाह कमी झाला. पण त्याबरोबर उजेडही कमी झाला, आणि लंडनच्या धुराने आधीच अंधारलेल्या आकाशाखाली झाडांना तो उजेड पुरेना. १८९५ साली ती हिरवी काच टाकून पुन्हा साधी काच आणण्याचे ठरले. आज आपल्या शहरांतून काळ्या-निळ्या काचांच्या ज्या इमारती दिसतात, त्यांच्या मालकांना ही क्यूची हकीकत कोणी सांगितली असेल असे वाटत नाही. रंगीत काच ऊन अडविते हे खरे. परंतु ते स्वतःच्या अंगात मुरवून घेते, स्वतः तापते, आणि त्यातील काही भाग सावकाश खोलीला देते. उजेड मात्र परत मिळत नाही.

काचेच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली वास्तू एका माळ्याच्याच हातची. डेव्हनशायरच्या ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्सटन याने १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी लंडनच्या हाइड पार्कमध्ये स्फटिकमहाल उभा केला. १८४८ फूट लांब आणि ४०८ फूट रुंद, सुमारे तीन लाख काचतावदानांची ती इमारत. हे शक्य झाले त्याला करांचाही थोडा इतिहास कारण आहे. इंग्लंडात काचेवर जबर अबकारी कर होता, तो १८४५ साली उठला. आणि घराच्या खिडक्या मोजून जो कर घेत तो तर नेमका १८५१ सालीच रद्द झाला. (कर बसविण्यासाठी खिडक्या मोजल्या की लोक खिडक्या बुजवून टाकतात, हे एकदा समजायला सरकारला दीडशे वर्षे लागली. असो.) पॅक्सटनने आयुष्यभर काचघरे सांभाळलेली असल्यामुळे पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होते. त्याने छतावर, काचेच्या बाहेरच्या अंगाला, कापड ताणून बसविले. भिंतींत खाली आणि वर धातूच्या पट्ट्यांच्या झडपा ठेवल्या, म्हणजे गार हवा खालून आत यावी आणि तापलेली वरून निघून जावी. त्या कापडातून गाळून आलेला उजेड मऊ आणि सारखा पडे, आणि प्रदर्शनातील वस्तू पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना तो त्रास देत नसे. तरीही उन्हाळा चढला आणि गर्दी वाढली तेव्हा काही ठिकाणच्या काचाच काढून टाकण्याची पाळी आली. तीन लाख काचांच्या घरात शेवटी मोलाची ठरली ती कापडाची आणि झडपांची व्यवस्था, हे मला फार सूचक वाटते. त्यातही मुख्य मुद्दा असा, की कापड काचेच्या बाहेर होते. बाहेर पडलेले ऊन कापड तापवील, पण कापडाची ती उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाईल. तेच कापड आत असते तर तापलेल्या कापडाची उष्णता काचेने आतच कोंडून ठेवली असती; माझ्या खोलीतील पडद्याची कोंडून ठेवते तशी.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे काच फार उशिरा, आणि पुष्कळ काळ श्रीमंतांपुरतीच आली. त्यामुळे उजेड घेणे आणि ऊन टाळणे ही दोन कामे आपल्या कारागिरांनी काचेवाचून उरकली. अहमदाबादेतील सिदी सय्यदच्या मशिदीच्या १५७३ च्या सुमाराच्या जाळ्या आपण वृक्षाच्या नक्षीसाठी पाहतो. परंतु नक्षी क्षणभर बाजूला ठेवून केवळ दगडाची जाडी पाहावी. प्रत्येक छिद्र म्हणजे दगडात कोरलेला एक लहानसा बोगदा असतो. तिरपे ऊन त्या बोगद्याच्या भिंतीवर आपटते आणि तेथेच थांबते. आत पोहोचतो तो दोनतीनदा परावर्तित झालेला उजेड. वारा मात्र अडत नाही. जयपूरच्या हवामहालाला १७९९ साली ९५३ झरोके ठेवले ते केवळ पडदानशीन स्त्रियांना रस्त्यावरची मिरवणूक पाहता यावी म्हणून नव्हे. तो दर्शनी भाग पूर्वेकडे तोंड करून उभा आहे, आणि सकाळचे आडवे ऊन अडवून वारा घ्यायला याहून चांगली युक्ती नव्हती. आपल्याकडे औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबीच्या मकबऱ्यात संगमरवरी जाळीतून कबरीवर पडणारा उजेड ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी काय म्हणतो ते सहज उमगेल.

गोव्याची गोष्ट याहून निराळी आणि मला विशेष आवडणारी. पोर्तुगीज अमदानीत तेथे काचेची टंचाई होती. मग तेथील सुतारांनी लाकडी चौकटींच्या बारीक बारीक घरांत समुद्रातील एका चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्याचे तुकडे बसविले. जुन्या घरांतून आणि चर्चमधून अशा खिडक्या अजून दिसतात. त्यांतून बाहेरचे दृश्य दिसत नाही; पण दुपारी त्या खोलीत जो दुधाळ उजेड भरतो त्यात सुईत दोरा ओवता येतो आणि डोळे दिपत नाहीत. अभावातून निघालेली ही वस्तू क्यूच्या हिरव्या काचेपेक्षा अधिक यशस्वी ठरली, असे म्हणायला हरकत नाही.

इंग्रजांनी येथे आल्यावर आधी आपल्या देशासारखी घरे बांधून पाहिली, आणि मग मुकाट्याने व्हरांड्याचा आश्रय घेतला. मुंबईचे जुने सचिवालय १८७४ साली पुरे झाले. त्याचा दर्शनी भाग पश्चिमेला, समुद्राकडे आहे. शैली युरोपीय गॉथिक. पण खोल्यांच्या पुढे मजल्यामजल्यावर कमानींचे व्हरांडे आहेत. दुपारचे ऊन त्या व्हरांड्यातच उतरते आणि खोलीच्या दारापाशी त्याचा फक्त उजेड पोहोचतो. त्या काळच्या कारकुनांच्या डोक्यावर विजेचे दिवे नव्हते. हस्ताक्षर वाचण्याइतका उजेड खिडकीतूनच यावा लागे. त्यामुळे उजेड आणि ऊन यांतला भेद करणे ही चैन नव्हती, सरकारी कामाची गरज होती.

हा भेद दिशेवर कसा अवलंबून आहे, हे थोडक्यात सांगतो. कारण छज्जा लावला की झाले, अशी समजूत पुष्कळांची असते. दिल्लीत दक्षिणेकडील खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, तर जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर असल्यामुळे त्याची सावली वीस फुटांहून खाली जाते. डिसेंबरात तोच सूर्य ३८ अंशांवर उतरतो, आणि तोच छज्जा दीड फुटाच्या आसपासच सावली देतो. थंडीत हवेहवेसे वाटणारे ऊन खोलीत येऊ देतो. कोणतेही यंत्र न हलता ऋतूप्रमाणे आपोआप उघडमीट करणारी अशी वस्तू दुसरी नसेल. मुंबईकडे आणखी एक गंमत आहे. तेथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो. म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही थोडा छज्जा लागतो. परंतु पश्चिमेची बाजू आली की छज्जा हात टेकतो. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य खाली उतरून सरळ भिंतीच्या तोंडावर येतो, आणि दोन फुटांच्या छज्ज्याची सावली जेमतेम फूटभर पडते. तेथे उभ्या फळ्या, जाळी, झाड किंवा खोल व्हरांडा यांवाचून गत्यंतर नाही. आमच्या आराखड्यात पश्चिमेला उभ्या फळ्या होत्या त्या एवढ्यासाठीच. ज्याने त्या काढल्या त्याला हे ठाऊक नव्हते. निदान माझ्यापुरते तरी मी तसे सांगू शकतो.

आता ज्या चुकीत मला माझी चूक अगदी आरशातल्यासारखी दिसली तिच्याकडे येतो. ती झाली पॅरिसमध्ये, आणि तीही विसाव्या शतकातील सर्वांत नामांकित वास्तुशिल्पज्ञाच्या हातून. साल्व्हेशन आर्मी या संस्थेने निराधारांसाठी एक आश्रयगृह बांधायचे ठरविले आणि ते काम ल कॉर्बूझिए यांच्याकडे दिले. त्यांनी दक्षिणेकडे सुमारे हजार चौरस मीटरांची अखंड काचभिंत योजली. तिच्यात उघडता येईल अशी एकही खिडकी ठेवली नाही. त्यांची कल्पना अशी होती, की काच दुहेरी असावी, त्या दोन काचांमधून ऋतूप्रमाणे गरम किंवा थंड केलेली हवा खेळवावी, आणि आत यंत्राने शुद्ध केलेली हवा बारा महिने १८ अंशांवर पुरवावी. कागदावर कल्पना निर्दोष होती. परंतु पैसे कमी पडले. दुहेरी काच गेली, एकेरी उरली. हवा थंड करण्याची यंत्रणा गेली. उरली ती बंद काचभिंत. इमारतीचे उद्घाटन १९३३ च्या डिसेंबरात झाले. कडाक्याच्या थंडीत काचेमागे कोवळे ऊन खाणाऱ्या मंडळींनी तिची वाहवा केली. पुढचा उन्हाळा आला तेव्हा त्या काचेमागे राहणाऱ्या बायकामुलांची जी स्थिती झाली तिची कल्पना सोस्यूरची पेटी आठवून करावी. तक्रारी झाल्या, अधिकाऱ्यांनी खिडक्या उघडण्याजोग्या करण्यास सांगितले. ल कॉर्बूझिए पुष्कळ दिवस अडून बसले. अखेर १९३५ साली सरकती तावदाने बसवावी लागली. महायुद्धात बाँबने काचभिंतीची हानी झाली, आणि १९५२ च्या सुमारास दुरुस्ती पुरी झाली तेव्हा काचेपुढे काँक्रीटच्या चौकटी, म्हणजे ऊन मोडणाऱ्या फळ्या उभ्या राहिल्या. ज्या वस्तूला फ्रेंच भाषेत ‘ब्रीझ-सोलेई’ म्हणतात ती हीच.

या हकीकतीत मला चूक आढळते ती काच घालण्याची नव्हे. दुहेरी काच आणि थंड हवा यांच्या भरवशावर आखलेली योजना ती दोन्ही गाळूनही तशीच पुढे नेली, ही ती चूक. कागदावरून एक ओळ कमी झाली; पण त्या ओळीवर उरलेली सारी इमारत उभी होती याची दखल कोणी घेतली नाही. आमच्याकडेही हेच घडले. काचेची भिंत आणि तिच्यापुढील फळ्या हे एकच काम होते. अंदाजपत्रकात मात्र ती दोन कामे होती.

ल कॉर्बूझिए या अनुभवातून शिकले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. १९३६ साली ब्राझीलमधील रिओ येथे शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीसाठी ते सल्लागार होते. लुसिओ कोस्टा, ऑस्कर नीमायर आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे उत्तरेच्या काचेपुढे आडव्या, फिरविता येणाऱ्या पट्ट्या बसविल्या. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून येतो म्हणून उत्तर. आणि १९५१ नंतर चंदीगड व अहमदाबाद येथे त्यांनी केलेल्या इमारतींतून तर दर्शनी भाग म्हणजे जणू सावलीचीच रचना. अहमदाबादच्या गिरणीमालक संघाच्या १९५४ च्या इमारतीत पश्चिमेच्या फळ्या त्यांनी तिरप्या लावल्या. दुपारचे ऊन अडावे आणि साबरमतीवरचा वारा यावा. चंदीगडचे सचिवालय सुमारे अडीचशे मीटर लांब आहे आणि १९५८ साली पुरे झाले. त्याच्या दोन्ही अंगांना काँक्रीटच्या खोल चौकटींची जाळी आहे. ही जाळी म्हणजे आपल्या जुन्या झरोक्यांचीच थोरली बहीण, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु सिदी सय्यदच्या जाळीमागे थंड दगडी सभागृह आणि मोकळा वारा होता. चंदीगडची काँक्रीटची फळी खोल्यांच्या भिंतीला जोडलेली. ती दिवसभर ऊन पिते आणि सूर्य मावळल्यावर ते हळूहळू ओकते, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे आणि ती योग्य आहे. ऊन बाहेर अडविले, पण अडविणारी वस्तूच जड आणि घराला चिकटलेली असली तर काम अर्धेच होते. हलकी, पातळ, मध्ये वारा खेळणारी वस्तू बरी. त्याच चंदीगडात पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी कमी पगाराच्या नोकरांसाठी विटांची जी साधी घरे बांधली, त्यांतील विटांच्या जाळ्या आणि आखूड खिडक्या पाहिल्यावर सचिवालयाच्या भव्यतेचे दडपण थोडे कमी होते.

यापूर्वीच, फारसा गाजावाजा न होता, पाँडिचेरीत एक इमारत उभी राहिली होती. श्रीअरविंद आश्रमासाठी अँटोनिन रेमंड यांनी आखलेले ‘गोलकोंडा’ हे निवासस्थान १९३७ पासून बांधले जात होते आणि १९४०च्या दशकात पुरे झाले. तिच्या उत्तर व दक्षिण या लांब बाजूंना खिडक्याच नाहीत. भिंतींच्या जागी वरपासून खालपर्यंत आडव्या, फिरविता येणाऱ्या पट्ट्या आहेत. दिवसाच्या प्रहराप्रमाणे राहणारा माणूस त्या उघडतो, मिटतो. खोलीची आतली दारे सागवानी पट्ट्यांची, म्हणजे दार लावले तरी वारा येतो. पूर्व आणि पश्चिम बाजू जवळजवळ बंद. ज्या काळात जग काचेच्या मागे धावत होते, त्या काळात एवढे विचारपूर्वक काच टाळणारी इमारत आपल्या देशात झाली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

मुंबईचा प्रश्न अधिक अवघड. कारण तेथे समुद्रावरचा वारा आणि देखावा पश्चिमेला, आणि प्रखर ऊन व मुसळधार पाऊसही तिकडूनच. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ साली पुऱ्या झालेल्या कांचनजंगा या उंच इमारतीत त्यावर जो उपाय योजला तो जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचाच. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजल्यांइतका उंच बगिच्यासारखा सज्जा कोरून काढला, आणि राहण्याच्या खोल्या त्याच्या मागे घेतल्या. समुद्र दिसतो, वारा येतो, उजेड येतो. ऊन सज्ज्यात थांबते. अठ्ठावीस मजल्यांच्या इमारतीत हे जमते, तर चार मजल्यांच्या सरकारी कचेरीत का जमू नये?

यावर मला सांगण्यात येते, की आता काच पूर्वीची राहिलेली नाही. हे खरे आहे. सूर्याच्या शक्तीपैकी निम्म्याहून थोडी कमी दृश्य प्रकाशाच्या रूपाने येते आणि उरलेला बहुतेक भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या किरणांचा असतो. काचेवर धातूचा अतिशय पातळ लेप देऊन ते अदृश्य किरण परत पाठवायचे आणि प्रकाश तेवढा आत घ्यायचा, ही कला गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत फार पुढे गेली आहे. तथापि तिलाही एक मर्यादा आहे आणि ती निसर्गाने घातलेली आहे. प्रकाश आत येऊन टेबलावर, भिंतीवर, कागदावर पडला की अखेर त्याचीही उष्णताच होते. सर्वांत उत्तम काचही उन्हाचा निम्म्याच्या आसपासचा भाग अडवू शकेल. त्याहून अधिक अडवायचा तर उजेड सोडावा लागेल. झाडाखालच्या किंवा छज्ज्याखालच्या सावलीतील आकाशाचा उजेड घेतला तर तितक्याच प्रकाशाबरोबर पुष्कळ कमी उष्णता येते. आणि हा उजेड आपल्याकडे मुबलक आहे. ब्रिटनमध्ये खिडकीचे गणित करताना बाहेरच्या आकाशाचा उजेड ५००० लक्स धरीत. आपल्या मानकांनी ऊन वगळून ८००० लक्स धरला आहे. म्हणजे तितक्याच उजेडासाठी आपल्याला त्यांच्यापेक्षा लहान खिडकी पुरते. आम्ही मात्र त्यांच्याहून मोठी घालतो.

कायद्यानेही हे आता ओळखले आहे. २००७ साली केंद्र सरकारने ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर केली. तिच्या २०१७ च्या आवृत्तीत भिंतीच्या क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांहून अधिक काच असू नये असे म्हटले; आणि त्याबरोबर हेही म्हटले, की काच निदान २७ टक्के दृश्य प्रकाश आत येऊ देणारी असावी. ही दुसरी अट मला अधिक शहाणपणाची वाटते. नाहीतर ऊन टाळण्यासाठी लोक काळी काच लावतील आणि दिवसा दिवे लावून बसतील. क्यूच्या माळ्यांनी केलेली चूक पुन्हा होईल.

परंतु संहितेहून बलवत्तर अशी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या रोजच्या कामातली आहे. छज्जा भांडवली खर्चात येतो. वीज चालू खर्चात येते. दोन्हींची शीर्षे वेगळी, त्यांना मंजुरी देणारे वेगळे, आणि पुष्कळदा वर्षेही वेगळी. ज्या अधिकाऱ्याने छज्जा गाळून रक्कम वाचविली त्याचे कौतुक त्याच वर्षी होते. वाढलेले वीजबिल पुढली तीस-चाळीस वर्षे दुसरेच कोणी भरते, आणि त्यात छज्ज्याचा हिस्सा किती हे बिलावर छापलेले नसते. पॅरिसमध्ये १९३३ साली हेच झाले असावे. मला तेथील हिशेबाच्या वह्या पाहण्याचा योग आलेला नाही. पण हजारो मैलांवरूनही हिशेबनिसाला हिशेबनीस ओळखतो.

या वर्षी दुसऱ्या एका इमारतीचे अंदाजपत्रक माझ्याकडे आले. तिची मोठी बाजू नकाशात पश्चिमेला होती. मी विचारले की ती उत्तर-दक्षिण का फिरविता येऊ नये. उत्तर आले की रस्ता पश्चिमेला आहे आणि दर्शनी भाग रस्त्यावर हवा. त्यावर बराच पत्रव्यवहार झाला. अखेर भिंत पश्चिमेलाच राहिली. पण काच निम्म्यावर आली, आणि काच व तिच्यापुढील फळ्या मिळून एकच बाब लिहिली गेली, म्हणजे एक काढायची तर दुसरीही काढावी लागेल. एवढेच करून घेता आले.

माझ्या स्वतःच्या खोलीचे काय, असे कोणी विचारील. ती तळमजल्यावर आहे. मागच्या चैत्रात त्या शिपायांच्या सांगण्यावरून मी बाजारातून बांबूच्या तीन चिका आणविल्या आणि लोखंडी पट्टीला बांधून काचेच्या बाहेर, काचेपासून वीतभर अंतरावर टांगल्या. पहिल्याच दुपारी आतला पडदा बाजूला सारून ठेवता आला. चार वाजता मी दिवे मालवून पाहिले. टिपणी वाचता येत होती. बांबूच्या कांड्यांमधून उजेडाच्या बारीक रेघा टेबलावर पडतात, त्यांची सवय व्हायला दोन दिवस लागले. काचेला हात लावला तर ती कोमट लागते.

आठवड्याभरात इमारतीच्या देखभालीकडून पत्र आले, की सदर चिकांमुळे दर्शनी भाग विद्रूप होत असून त्या तातडीने काढाव्यात. पत्राची पोच दिली आहे. उत्तर अद्याप गेलेले नाही.